‘पहेली’ : लोककथेतल्या भुताची पडद्यावर सुटका

अमोल पालेकर दिग्दर्शित ‘पहेली’ हा हिंदी चित्रपट २४ जून २००५ रोजी प्रदर्शित झाला. शाहरुख खानच्या रेड चिलीज या संस्थेने तो काढला. शाहरुख आणि राणी मुखर्जी मुख्य भूमिकांत होते, जोडीला अमिताभ बच्चन, जुही चावला, सुनील शेट्टी आणि अनुपम खेर असा मोठा ताफा होता. एवढा थाटमाट उभा राहिला तो विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या एका राजस्थानी कथेवर. लोककथेवर मोठ्या खर्चाचा अद्भुतपट काढायचा तर कथेत काय टिकते आणि काय बदलते, हे समजून घ्यायला ‘पहेली’सारखे चांगले उदाहरण नाही.

देथा (१९२६–२०१३) हे जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा गावचे. गावातल्या बायाबापड्यांकडून, गुराख्यांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी आपल्या भाषेत नव्याने लिहिल्या. ‘बातां री फुलवाडी’ या मालेत त्या खंडांमागून खंड प्रसिद्ध झाल्या आणि १९७४ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोमल कोठारींसोबत त्यांनी बोरुंद्यात रूपायन संस्थान उभारले. त्यांची दुसरी एक कथा विदर्भाच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या उंबरठ्याशी येऊन पोचली. हबीब तन्वीर यांनी त्या कथेवर ‘चरणदास चोर’ हे नाटक शेजारच्या छत्तीसगडमधले, नाचा या लोकनाट्यातले कलावंत घेऊन बसवले आणि श्याम बेनेगल यांनी १९७५ साली त्यावर चित्रपट केला. या भागात झाडीपट्टीची नाटके आणि दंडारीसारखी लोकनाट्ये रात्रभर बघणाऱ्या प्रेक्षकाला अशी गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

‘दुविधा’ची गोष्ट थोडक्यात अशी. सावकाराच्या मुलाचे लग्न होते. नवरीला घेऊन परतताना वऱ्हाड वाटेत विसाव्याला थांबते आणि तिथल्या भुताचा जीव नवरीवर जडतो. नवरा मात्र लग्नाच्या खर्चाचा हिशेब जुळवण्यात गढलेला. मुहूर्त साधून तो पाच वर्षांसाठी परगावी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. रोज सकाळी पाच मोहरा मिळत असल्याने सासरेबुवा फारशी चौकशी करत नाहीत. सुनेपाशी मात्र भूत खोटे बोलत नाही. आपण कोण हे सांगून निर्णय तिच्यावर सोपवते आणि ती त्याला ठेवून घेते. पुढे ती बाळंत होते, खरा नवरा परततो आणि दोघांतला खरा कोण असा पेच पडतो. न्याय मागायला राजाकडे निघालेल्यांना वाटेत एक मेंढपाळ भेटतो. तो परीक्षा घेतो. चामड्याच्या मशकीत जो शिरेल तो खरा, ही त्याची शेवटची अट. माणसाला जे जमणे शक्य नाही ते भूत करून दाखवते आणि मशकीचे तोंड बांधताच अडकते.

परक्याने नवऱ्याचे रूप घेऊन यावे, ही कल्पना भारतात जुनी आहे. अहल्येच्या कथेत इंद्र गौतमाचे रूप घेतो. गिरीश कार्नाडांच्या ‘नागमंडल’ नाटकात नाग नवऱ्याच्या रूपात येतो आणि तेही लोककथांवरच बेतलेले आहे. देथांच्या कथेचे वेगळेपण असे की इथे फसवणूक सासऱ्याची होते, बाईची होत नाही. तिला काय हवे हे आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारले असेल तर ते भुताने.

या कथेवर पहिला चित्रपट मणी कौल यांनी १९७३ साली केला. ‘दुविधा’ हेच नाव, बोरुंद्यातच चित्रण, नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा कॅमेरा. संवाद अगदी मोजके, मध्येच स्थिरचित्रे आणि निवेदकाचा सपाट आवाज. त्यासाठी कौल यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पालेकरांनी नेमकी उलट वाट धरली. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. दिग्दर्शक म्हणून त्यांनी ‘बनगरवाडी’सारखे साधे मराठी चित्रपट केले होते. ‘पहेली’च्या आधी आलेल्या त्यांच्या ‘अनाहत’मध्येही नियोगाच्या निमित्ताने एका राणीच्या इच्छेचा प्रश्न होता. म्हणजे विषय त्यांचा जुनाच होता, साधने मात्र या वेळी भरपूर मिळाली. पटकथा-संवाद संध्या गोखले यांचे, छायाचित्रण रवी के. चंद्रन यांचे, संगीत एम. एम. क्रीम यांचे आणि गीते गुलजारांची. टोंक जिल्ह्यातल्या टोडारायसिंग इथली हाडी रानी की बावडी, तिच्या खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्यावर लालपिवळ्या ओढण्या, अशी दृश्ये पैसा आणि नजर दोन्ही असल्याशिवाय उभी राहत नाहीत. ‘धीरे जलना’ या गाण्यासाठी श्रेया घोषालला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गोष्ट सांगायला दोन कठपुतळ्या आहेत. त्यांना नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक-शाह यांचे आवाज आहेत. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला ही पद्धत ओळखीची वाटते. बाहुल्याच बोलू लागल्या की पुढचे सगळे अद्भुत आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

नवरा आणि भूत या दोन्ही भूमिका शाहरुखच्या. एकाच नटाला एकाच चौकटीत दोनदा दाखवायचे तर कॅमेरा जागचा न हलवता दृश्य दोनदा टिपतात आणि दोन्ही भाग जोडतात. पूर्वी हे काम भिंगापुढचा अर्धा भाग झाकून, तीच फिल्म पुन्हा चालवून होत असे. संगणक आल्यावर जोड लपवणे सोपे झाले. तरी ‘पहेली’त फरक कळतो तो अभिनयातून. सुहागरातीला चोपडी उघडून बसलेला नवरा किशन अंग चोरून, नजर खाली ठेवून वावरतो, तर त्याच कपड्यातले भूत मोकळेपणी हसते.

चित्रपटासाठी कथा वाढवावी लागली. परागंदा झालेला थोरला भाऊ, त्याची वाट पाहणारी जाऊ आणि उंटांची शर्यत ही भर त्यातलीच. सर्वांत मोठा बदल शेवटात आहे. कथेत भूत मशकीत अडकते आणि बाईला नको असलेल्या नवऱ्यासोबत राहावे लागते. ‘पहेली’त भूत निसटते, किशनच्या देहात शिरते आणि नायिकेला तिचा प्रियकर परत मिळतो.

भारताने हा चित्रपट ७८ व्या ऑस्करसाठी पाठवला, पण त्याला नामांकन मिळाले नाही. लोकप्रिय नटांच्या चित्रपटाला शोकांत शेवट परवडत नाही, हे ‘पहेली’ने शेवट बदलून मान्य केले. त्यामुळे प्रेक्षक समाधानाने उठतो, पण देह गमावलेल्या किशनचे काय झाले, हे चित्रपट विचारतच नाही. बाईच्या इच्छेला मोठ्या पडद्यावर इतक्या उघडपणे न्याय देणारे व्यावसायिक चित्रपट थोडेच, हे त्याचे श्रेय. देथांची कथा मात्र कोणालाच सोडत नाही, आणि म्हणून कथा आणि दोन चित्रपट या तिन्हींत तीच वरचढ ठरते.