13वा अध्याय स्टेटसला ठेवताय? आधीचे 12 वाचलेत का?

रेंज नसेल, ऑडिओ अडकत असेल, तर आजचा भाग इथे वाचून काढा.

आजचा विषय आहे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 13. प्रीतीचा अध्याय. लग्नपत्रिकेवर हाच, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही हाच. त्यामुळे वाटतं, नवराबायकोसाठीच लिहिलाय. पण बघा, पौलाने तो लिहिला एका भांडणाऱ्या मंडळीसाठी.

पत्र हे पत्रासारखं वाचा

इसवी सन 55 च्या सुमारास पौलाने हे पत्र इफिसहून पाठवलं. त्यात अध्यायांचे आकडे नव्हते. बायबलचे आजचे अध्याय पडले 13व्या शतकात आणि नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे मिळाले 1551 मध्ये. म्हणजे करिंथच्या लोकांनी 13वा अध्याय वेगळा कापून ऐकला नाही. सगळं पत्र एका ओघात ऐकलं.

मग त्याच्या आधी काय आहे?

- अध्याय 1: मंडळीत गट पडलेत. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा.
- अध्याय 6: विश्वासणारे एकमेकांना कोर्टात खेचतायत.
- अध्याय 8: मूर्तीला वाहिलेलं खायचं की नाही, यावर वाद.
- अध्याय 11: प्रभुभोजनाला एक जण भरपेट जेवतो, गरीब उपाशी राहतो.
- अध्याय 12 आणि 14: कोणाचं कृपादान मोठं, याची चढाओढ.

आता 'फुगणे' हा एकच शब्द शोधा. अध्याय 4, 5 आणि 8 मध्ये पौल करिंथकरांच्या फुगण्याबद्दल बोलतो. आणि 13 मध्ये सांगतो की प्रीती फुगत नाही. म्हणजे हा अध्याय गोड कविता नाही. करिंथकरांपुढे धरलेला आरसा आहे.

हा आरसा आपल्याकडे वळवला तर?

20व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रेदरनचे मिशनरी डहाणूला आले. त्यांनी इथे दवाखाना चालवला. ब्रेदरन लोकांची एक जुनी रीत आहे, प्रीतिभोजन. आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग साधं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं, मग प्रभुभोजन. 11व्या अध्यायात जे बिघडलं होतं, त्याचं उत्तर ताटात वाढलेलं!

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात 6 चर्च एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं. ब्रेदरन त्यात होते. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की मोठ्या माणसाला, यावर या चर्चची मतं वेगळी होती. त्यांनी दोन्ही पद्धतींना जागा ठेवली. मत न सोडता एका ताटात जेवता येतं, ते असं.

पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. गुजरातमध्ये ब्रेदरन चर्चच्या मालमत्तेवरून वाद पेटला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 2013 मध्ये निकाल लागला. कोण बरोबर, हे आपण इथे ठरवत नाही. पण 6वा अध्याय आपल्या शेजारी घडला, एवढं नक्की.

आणि आज? तलासरीत जेझुइट फादरांचं ज्ञानमाता सदन आहे. डहाणूत सीएनआय आहे. शिवाय घरोघरी प्रार्थना करणारे गट. कोणी मरीयेवरून बोलतो, कोणी भाषांवरून, कोणी गावदेवाच्या सणातल्या जेवणावरून. ग्रुपवर एक वचन फेकलं की समोरचा दुसरं वचन फेकतो. जुने स्क्रीनशॉट जपून ठेवलेले असतातच. आता 13वा अध्याय काढा. झालेल्या वाइटाचा हिशेब ठेवण्याबद्दल तो काय म्हणतो, ते स्वतः वाचा.

प्रीती खिशापर्यंत येते

पत्र 13 वर संपत नाही. 16व्या अध्यायात पौल सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे थोडं बाजूला ठेवावं. कोणासाठी? दूर यरुशलेमेतल्या गरजू भावाबहिणींसाठी. त्यातल्या बहुतेकांना करिंथकरांनी पाहिलंही नव्हतं. मग आपल्या पाड्यातलं, दुसऱ्या चर्चला जाणारं घर अडचणीत असेल, तर ते आपलं नाही का?

तर या आठवड्याचं काम. 16ही अध्याय एका बैठकीत वाचा, साधारण तासभर लागतो. वाचताना तीन प्रश्न विचारा: कोणी कोणाला लिहिलं? का लिहिलं? आधी आणि नंतर काय आहे? आणि ग्रुपवर पुढचं वचन टाकण्याआधी चौथा प्रश्न: हे मी कोणाला जिंकण्यासाठी टाकतोय, की जपण्यासाठी?

उत्तरं व्हॉइस नोटने पाठवा. भेटू पुढच्या भागात!