विश्लेषण : सभा गाजली, पण मत कुणाला? डहाणूचा मतदार नेत्यांचा प्रचार कसा तोलतो?

डहाणू नगर परिषदेच्या निवडणुकीत ‘लंका’ आणि ‘अहंकार’ हे दोन शब्द राज्यभर गाजले. त्याआधी २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत दोन बड्या नेत्यांनी पालघरमध्ये प्रतिष्ठा पणाला लावली. २०२४ मध्ये राज्यभर महायुतीची लाट असताना डहाणूने वेगळा कौल दिला. प्रत्येक वेळी लोकलच्या डब्यात, बाजारात आणि बंदरावर एकच चर्चा रंगली : कोण चांगले बोलले आणि कोण फसले? पण या चर्चेचे मतात रूपांतर होते का?

‘लंका’ प्रकरण नेमके काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांचा प्रचार सुरू असताना राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिवसेना हे पक्ष डहाणूत आमनेसामने होते. भाजपचे उमेदवार होते भरत राजपूत. २०१७ मध्ये तेच थेट नगराध्यक्ष म्हणून निवडून आले होते. शिवसेनेने राजेंद्र माच्छी यांना उतरवले होते. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी डहाणूच्या सभेत रावणाच्या अहंकाराचा आणि जळालेल्या लंकेचा दाखला दिला. रोख स्थानिक सत्तेवर होता. काही दिवसांत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डहाणूतच उत्तर दिले : आपण लंकेत राहत नाही, आपण रावणाला नव्हे तर रामाला मानणारे आहोत, अशा आशयाचे. उमेदवाराचे नावच ‘भरत’ असल्याने रामायणाचा धागा आणखी लांबला.

मुंबईतल्या वाहिन्यांसाठी ही महायुतीतल्या कुरबुरीची बातमी होती. डहाणूकरांसाठी प्रश्न वेगळा होता. मधली काही वर्षे नगर परिषदेवर लोकप्रतिनिधी नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. आता मत मागणाऱ्या दोन नेत्यांपैकी एक मुख्यमंत्री, तर दुसऱ्याकडे नगरविकास खाते. दोघेही एकाच सरकारात असतील, तर रखडलेल्या कामाचा जाब कुणाला विचारायचा? लंकेच्या उपमेत याचे उत्तर नव्हते.

निकालाने काय सांगितले?

२ डिसेंबरला मतदान झाले. मतमोजणी न्यायालयाच्या आदेशाने लांबली आणि २१ डिसेंबरला निकाल लागला. नगराध्यक्षपदी माच्छी निवडून आले आणि राजपूत पराभूत झाले. म्हणजे शिंदेंची सभा जिंकली आणि फडणवीसांची हरली, असे म्हणता येईल का? तसे म्हणणे सोपे आहे, पण घाईचे आहे. त्याच दिवशी पालघर जिल्ह्यातल्याच जव्हार आणि वाडा येथे भाजपचे नगराध्यक्ष निवडून आले. नेते तेच, सरकार तेच, निकाल मात्र गावागणिक वेगळा. छोट्या शहरात उमेदवार ओळखीचा असतो. त्याने फोन उचलला की नाही, गटाराचे काम केले की नाही, हे मतदाराला भाषणाआधीच ठाऊक असते.

२०१८ मध्ये काय घडले होते?

खासदार चिंतामण वनगा यांचे जानेवारी २०१८ मध्ये निधन झाले. त्यांचे पुत्र श्रीनिवास वनगा शिवसेनेत गेले, तर भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उमेदवारी दिली. तेव्हाही दोन्ही पक्ष राज्यात एकत्र सत्तेत होते. तरीही फडणवीस आणि उद्धव ठाकरे यांनी एकमेकांविरुद्ध जोर लावला. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ प्रचाराला आले. फडणवीसांच्या भाषणाची ध्वनिफीत शिवसेनेने जाहीर केली आणि तिच्यावर दिवसेंदिवस वाद झाला.

२८ मे रोजी मतदान झाले. गावितांना २ लाख ७२ हजार ७८२ मते मिळाली, वनगांना २ लाख ४३ हजार २१०. अंतर २९ हजार ५७२ मतांचे. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव दोन लाखांच्या पुढे गेले. म्हणजे दोन पक्षांच्या भांडणाने बातम्या व्यापल्या, तरी मोठ्या संख्येने मतदारांनी त्या भांडणाबाहेरचा पर्याय निवडला.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. वर्षभरात युती झाली, जागा शिवसेनेकडे गेली आणि २०१९ मध्ये तेच गावित शिवसेनेचे खासदार झाले. वनगा पालघर विधानसभेत शिवसेनेचे आमदार झाले. २०२४ च्या विधानसभेला वनगांना डावलून त्याच जागेवर गावितांना उमेदवारी मिळाली. ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्याविरुद्ध इतकी भाषणे झाली, त्यांच्या जागा बदलत गेल्या. इथला मतदार व्यासपीठावरच्या टोकाच्या शब्दांना सवलत देऊनच ऐकतो, याचे एक कारण या अनुभवात आहे.

राज्यात लाट असताना डहाणू वेगळे का गेले?

मे २०२४ च्या लोकसभेला भाजपचे हेमंत सवरा पालघरमधून १ लाख ८३ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. नोव्हेंबरच्या विधानसभेला जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा महायुतीने घेतल्या. सहावी होती डहाणू. तिथे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी भाजपचे विनोद मेढा यांना सुमारे पाच हजार मतांनी हरवले. २०१९ मध्येही ते भाजपचे तेव्हाचे आमदार पास्कल धनारे यांना पाच हजारांहून कमी मतांनी हरवून विधानसभेत गेले होते. दोन्ही वेळा ते राज्यातले माकपचे एकमेव आमदार ठरले.

प्रचाराच्या मोजपट्टीवर ही लढत विषम होती. मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, बहुजन विकास आघाडीचे उमेदवार सुरेश पाडवी यांनी मेढांना पाठिंबा जाहीर केला. ही मोठी बातमी झाली. निकाल मात्र बदलला नाही.

याची मुळे जुनी आहेत. तलासरी आणि डहाणूच्या वारली पाड्यांत १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. तेव्हापासून लाल बावट्याचे काम एका सभेवर अवलंबून राहिलेले नाही. वनहक्काचा दावा, रेशन, मोर्चा यासाठी कार्यकर्ता वर्षभर दारात असतो. अशा पाड्यात प्रचार निवडणुकीच्या पंधरा दिवसांत सुरू होत नाही. पण ही ताकद अभेद्यही नाही. २०१४ मध्ये याच मतदारसंघातून भाजप जिंकला होता, आणि मागच्या दोन्ही विजयांचे अंतर निसटते होते.

एकच भाषण सगळ्यांना का लागू पडत नाही?

डहाणू तालुक्यात तीन जगे शेजारी नांदतात. किनाऱ्यावर मच्छीमार, स्टेशन परिसरात व्यापारी, चिकू बागायतदार आणि मुंबईकडे जाणारे नोकरदार, तर महामार्गापलीकडे डोंगराच्या बाजूला वारली आणि इतर आदिवासींचे पाडे. बाजारात मराठीइतकीच गुजराती चालते, पाड्यावर वारली बोलली जाते. त्यामुळे स्टेशनजवळ टाळ्या मिळवणारा मुद्दा गंजाडला किंवा झरीला पोहोचेलच असे नाही.

वाढवण बंदर हे याचे ठळक उदाहरण. सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये केले. त्या भाषणातला राज्यभर गाजलेला भाग होता मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळा कोसळल्याबद्दलची माफी. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी मुद्दा होता मासेमारीच्या जागेचा. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने इथले बंदर नाकारले होते, तर २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने मंजुरी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत नेमके काय बदलले, हे कोणता नेता समजावून सांगतो, यावर तिथे गुण ठरतात. टाळ्यांची वाक्ये तिथे फार उपयोगी पडत नाहीत. अर्थात, एकट्या बंदरावर निकाल लागला असेही नाही. प्रकल्प पुढे नेणाऱ्या पक्षाचा खासदारही याच जिल्ह्याने निवडला.

इतर देशांत काय अनुभव?

ब्रिटनमध्ये पक्षनेते दूरचित्रवाणीवर समोरासमोर वाद घालतात आणि दुसऱ्या दिवशी लोक त्यांना गुण देतात. एप्रिल २०१० मधल्या पहिल्याच वादात लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग यांनी बाजी मारली आणि त्यांची लोकप्रियता झपाट्याने वाढली. निकालात त्यांच्या जागा ६२ वरून ५७ वर आल्या. उलट २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी नेत्यांचा वाद टाळला, प्रचारही फसला आणि त्यांनी संसदेतले बहुमत गमावले. चांगले बोलल्याने जागा मिळतीलच असे नाही, पण मतदाराला सामोरे न जाणे महागात पडू शकते, एवढे यातून दिसते.

मग सभांचा उपयोग काय?

मोठ्या नेत्याच्या सभेने कार्यकर्त्याला बळ येते, काठावरच्या मतदाराला कोण गंभीरपणे लढतो आहे हे कळते, आणि पक्षाची आतली भांडणेही उघड होतात. डहाणूत मोठ्या सभेने एवढे काम नक्की केले. पुढचे काम घरोघरच्या कार्यकर्त्याचे आणि उमेदवाराच्या नावाचे असते.

मतदाराच्या हाती मात्र एक साधी कसोटी आहे. सभा संपल्यावर भाषणातले किती शब्द विरोधकाबद्दल होते आणि किती आपल्या गावाबद्दल, याचा हिशेब करायचा. पाणी, वनपट्टा, मासेमारी, लोकलच्या फेऱ्या, दवाखाना यांपैकी कशाची तारीख आणि जबाबदारी सांगितली गेली? ज्या भाषणात हे सापडत नाही, ते कितीही रंगले तरी पाच वर्षांनी जाब विचारायला त्यातले एकही वाक्य उपयोगी पडत नाही.