मूठभर तांदूळ आणि कुटुंबाचा न्यास

रोजचे तांदूळ चुलीवर चढविण्यापूर्वी त्यांतील एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकून ठेवावी आणि महिनाअखेर ते भांडे एखाद्या सत्कार्यासाठी रिते करावे, ही चाल जुन्या गोमंतकीय घरांना अपरिचित नव्हती. पणजीस 1908 साली स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेचे नावच या मुठीवरून पडले. पोर्तुगीज अमलात मराठी शिक्षणाला राजाश्रय नसताना ती संस्था घरोघरच्या अशा मुठींवर उभी राहिली. दान हे केवळ धनिकांचे काम नव्हे, हे त्या एका नावाने जितके स्पष्ट होते तितके लांबलचक व्याख्यानाने होणार नाही.

परंतु मूठ बाजूला काढणे हा दानाचा पूर्वार्ध झाला. साचलेले कोणास द्यावे, किती द्यावे, कोणत्या अटीवर द्यावे आणि दिल्यानंतर देणाऱ्याने काय करावे व काय करू नये, हा उत्तरार्ध अधिक अवघड आहे. त्याचा नीट विचार न केल्यामुळे पुष्कळसा चांगला पैसा वाया जातो; क्वचित ज्याला मदत करावयाची त्यालाच तो उपद्रवकारक होतो. मुंबईत, आखातात किंवा विलायतेत चार पैसे मिळवून पेडण्याच्या अथवा डिचोलीच्या आपल्या गावासाठी काही कायमचे करावे असे मनात आणणारी कुटुंबे आजही आहेत. त्यांना हा उत्तरार्ध समजून घेणे अगत्याचे आहे.

कुटुंबाचा न्यास म्हणजे काय, हे प्रथम पाहू. एखादे कुटुंब आपल्या मिळकतीतील काही भाग कायमचा वेगळा काढते आणि विश्वस्तपत्र करून तो विश्वस्तांच्या स्वाधीन करते. ही रक्कम, म्हणजेच मूळनिधी, सुरक्षित ठेवून तिच्या उत्पन्नातून दरसाल अनुदाने द्यावयाची, ही त्याची सर्वसाधारण रीत. असा न्यास स्वतः इस्पितळ चालवीत नाही, अनाथालयही चालवीत नाही. ही कामे करणाऱ्यांच्या पाठीशी तो उभा राहतो. शेत दुसऱ्याने कसावे आणि पाटाचे पाणी याने पुरवावे, असे हे नाते आहे. सर दोराबजी टाटा यांनी 1932 साली स्थापिलेला न्यास हा या जातीचा थोर वटवृक्ष. पण परसातली तुळसही वनस्पतीच असते, आणि येथे विचार करावयाचा आहे तो अशा लहान न्यासांचा.

मराठी भाषकांना जवळचे वाटेल असे उदाहरण पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे या दांपत्याचे आहे. पुस्तकांचे मानधन आणि रंगभूमीवरील प्रयोगांचे उत्पन्न यांतून गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला परत करावे, या हेतूने त्यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापिले. पुढे डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यातील मादक द्रव्यांच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी लिहिलेले लेख या दांपत्याच्या वाचनात आले. वाचून हळहळणे पुष्कळांना जमते. या दोघांनी व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते काम अंगावर घेतले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

या उदाहरणात लहान न्यासाला घेण्यासारखे तीन धडे आहेत. पहिला असा की, कार्य अद्याप उभे राहावयाचे होते आणि इतर कोणी पैसे देण्यास सहजी पुढे आले नसते, अशा वेळी हे पैसे आले. आरंभीचा एक रुपया पुढच्या दहा रुपयांचे काम करतो, कारण तो धीर देतो. दुसरा धडा, हे दान संस्थेच्या नावाकडे पाहून दिलेले नव्हते. काम करणारी माणसे पारखून ते दिले होते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणजे पैसे देणाऱ्याने रुग्णावर उपचार कसा करावा हे शिकविले नाही. ते काम ज्याचे त्याच्याकडे राहू दिले.

आता गोव्यातील परिस्थितीकडे वळू. येथे न्यासाचा विचार करणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न येतो तो द्यावयाचे किती हा. आणि त्याचे उत्तर केवळ औदार्यावर अवलंबून नाही. पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेपासून चालत आलेला आणि आता गोव्याच्या 2012 च्या उत्तराधिकार कायद्यात समाविष्ट झालेला नियम असा की, मुलांचा मिळकतीतील हक्काचा वाटा आईबापांना मृत्युपत्राने हिरावून घेता येत नाही. शिवाय विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. समजा, एका दांपत्याची एकूण मिळकत एक कोटीची आहे. तिच्यातील पन्नास लाख पतीचे आणि पन्नास लाख पत्नीचे. पतीला आपल्या पन्नास लाखांपैकी निम्मेच, म्हणजे पंचवीस लाख, मनास येईल त्या कार्याला ठेवता येतात; उरलेले मुलांचे. पत्नीचेही तसेच. दोघांचे एकमत झाले तर पन्नास लाखांचा न्यास होईल. म्हणजे गोव्यात घरच्या माणसांची संमती ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. मर्यादा ओलांडून केलेल्या दानाला मुले पुढे न्यायालयात हरकत घेऊ शकतात, आणि मग ज्या अनाथालयाला ते दान पोहोचले त्याच्यावर कज्ज्याचे संकट येते.

दुसरा प्रश्न कायद्याच्या चौकटीचा. महाराष्ट्रातील 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा गोव्यास लागू नाही. येथे रीतसर विश्वस्तपत्र करून ते उपनिबंधकाच्या कचेरीत नोंदवितात, किंवा 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवितात. प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी निराळी. तेथील नियमाचे मर्म ध्यानी घ्यावे. करमाफी हवी असेल तर उत्पन्नापैकी 85 टक्के रक्कम धर्मादाय कामी खर्च झाली पाहिजे, आणि 2023 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दुसऱ्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेपैकी 85 टक्केच खर्च म्हणून धरले जातात. पन्नास लाखांवर सहा टक्क्यांनी तीन लाख व्याज आले, तर नियमाने 2 लाख 55 हजार खर्ची पडावयास हवेत. पण अनुदान तीन लाखांचे दिले, तरच हिशेबात 2 लाख 55 हजार धरले जातात. तात्पर्य, जो न्यास केवळ अनुदानेच देतो त्याला बहुतेक सारे उत्पन्न वाटून टाकावे लागते. थोडे साठवून पुढे मोठे काही करू, हा बेत त्याला मानवणारा नाही.

तिसरा प्रश्न परदेशातील नातलगांच्या पैशाचा, आणि गोव्यात तो फारच नाजूक आहे. भारतीय नागरिकत्व कायम राखून परदेशी राहणाऱ्या भावाने आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पैसे पाठविले तर ते विदेशी योगदान ठरत नाही. मात्र त्याच भावाने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याचा रुपया कायद्याच्या दृष्टीने विदेशी होतो आणि केंद्र सरकारच्या नोंदणीवाचून किंवा पूर्वपरवानगीवाचून तो स्वीकारता येत नाही. त्यातही 2020 च्या दुरुस्तीनंतर असे योगदान घेणाऱ्याने ते दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई आहे. अनुदान देणाऱ्या न्यासाला हा मार्ग त्यामुळे बंदच झाला. अशा नातलगाने नोंदणी असलेल्या सेवासंस्थेकडे थेट पैसे पाठवावेत, हे उत्तम.

इतके झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो: द्यावे कोणास? डिचोली तालुक्यात सर्वण येथे केशव सेवा साधना ही संस्था विशेष मुलांची शाळा चालविते; तिला नारायण झांट्ये यांचे नाव आहे. झांट्ये हे नाव डिचोलीला काजूच्या व्यवसायामुळे माहीत आहे, आणि ते अशा शाळेच्या पाटीवर दिसावे हे त्या गावाचे भूषण होय. लोटलीचे शांती अवेदना सदन कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची शुश्रूषा करते. अशा कामांत इमारत एकदा बांधून होते, पण मुलाला हात धरून घास घ्यावयास शिकविणारी शिक्षिका आणि रुग्णाची कूस पालटणारी परिचारिका यांचा पगार दरमहा द्यावा लागतो. दात्यांना मात्र इमारतीचे आकर्षण अधिक, कारण भिंतीवर संगमरवरी पाटी लागते. पगारावर पाटी लावता येत नाही. परिणामी खोल्या उभ्या राहतात आणि त्यांत वावरणारी माणसे टिकत नाहीत. लहान न्यासाला येथेच आपली जागा सापडते. तीन लाखांत इमारत होत नाही, पण एका शिक्षिकेच्या वर्षाच्या वेतनाचा बराच भार उचलता येतो. आणि तीन वर्षांचे अभिवचन दिले तर संस्थेला तिला निर्धास्तपणे कामावर ठेवता येते.

निवड करण्यापूर्वी विश्वस्ताने स्वतः जाऊन पाहावे. जावे तेही वार्षिक समारंभाला नव्हे, तर साध्या दिवशी, जेवणाच्या वेळी. तपासलेले तीन वर्षांचे हिशेब मागावेत, पगार वेळेवर होतात काय हे विचारावे, आणि कार्यवाहच्या बोलण्याइतकेच स्वयंपाकघरातील बाईच्या बोलण्याकडेही लक्ष द्यावे. तथापि चौकशी अनुदानाच्या मानाने असावी. पंचवीस हजारांसाठी पन्नास पानांचा अर्ज मागणे म्हणजे सेवकांचा वेळ लुटणे होय. वर्षाअखेर दोन पानी वृत्तांत आणि खर्चाचा तक्ता पुरे. ‘काय साधले’ याबरोबर ‘काय साधले नाही’ हेही विचारावे, आणि खरे सांगणाऱ्याचे अनुदान त्या कारणाने कापू नये. नाहीतर पुढील वर्षी खोटा वृत्तांत येईल व त्याचा दोष दात्याकडेच जाईल.

उत्पन्नाचा एक लहान भाग आकस्मिक संकटासाठी मोकळा असावा. ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी नदीच्या पुराने पेडणे तालुक्यातील गावे जलमय झाली, आणि जुलै 2021 च्या महापुराने डिचोली व सत्तरीत घरे पाडली. अशा वेळी सरकारी पंचनामा होईपर्यंतचे पंधरा दिवस फार कठीण जातात. मोठ्या संस्थांची यंत्रणा हालण्यापूर्वी लहान न्यास एका बैठकीत निर्णय करून भांडी, अंथरूण व वह्यापुस्तके पोहोचवू शकतो. फक्त काय हवे हे तेथील माणसांना विचारून न्यावे. जुन्या कपड्यांची गाठोडी कोणाचेही दुःख हलके करीत नाहीत.

डिचोलीच्या अनुभवातून आणखी एक धडा मिळतो. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. एकाच व्यवसायावर विसंबलेल्या तालुक्याचे काय होते हे तेव्हा दिसले. व्यवसायाच्या चालू नफ्यातून दिले जाणारे दान नेमके गरज वाढते त्याच वर्षी आटते. मूळनिधी धंद्यापासून अलग ठेवून सुरक्षित ठेवींत गुंतविला असेल, तर मालकाचे दिवस फिरले तरी शाळेतील मुलाचे दुपारचे जेवण चालू राहते. न्यास आणि हौसेचे दान यांतला खरा भेद हाच.

शेवटी प्रश्न राहतो तो घेणाऱ्याच्या मानाचा. धनादेश देताना छायाचित्र काढण्यासाठी अपंग मुलाला व्यासपीठावर उभे करणे, वृद्धाच्या हाती फळांची करंडी देऊन त्याला दोन शब्द बोलावयास लावणे, यांत दिलेल्यापेक्षा हिरावून घेतलेले अधिक असते. तांदळाची मूठ भांड्यात टाकणाऱ्या गृहिणीला तो दाणा कोणत्या मुलाच्या शिक्षणासाठी गेला हे कधी कळले नाही, आणि त्या मुलालाही मूठ कोणाची हे ठाऊक नव्हते. विश्वस्तपत्र, हिशेब, नोंदणी ही सारी आवश्यक आहेत. परंतु ती त्या भांड्याच्या जागी आहेत. आत रोज पडणारी मूठ ही घरातील माणसांनीच, घरातील मुलांच्या देखत, टाकावयाची असते. मुलांनी ती पाहिली असेल तर आईबापांमागे न्यास चालेल. नाहीतर तो कागदावरच राहील.