तेल्याचे भाऊबंद

तेल्या डाळिंबाचा, खैऱ्या लिंबाचा. एक डाळिंबावर तेलकट डाग आणून फळाला तडे पाडतो, दुसरा लिंबावर खरबरीत फोड उठवतो. बागेत उभं राहून या दोघांचं नातं कुणाच्या ध्यानात येणार नाही. पण दोन्ही जंतूंच्या डीएनएची अक्षरं शेजारीशेजारी मांडली, तेव्हा ते जवळचे भाऊबंद निघाले. तेल्याचा जंतू आता खैऱ्याच्या जंतूसोबत झँथोमोनास सिट्री या एकाच प्रजातीत धरला जातो. हे कळलं आणि मी या विषयात शिरलो.

सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ साली सुरू झालेलं. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या माळरानावर डाळिंबाने पैसा दाखवला आणि तेल्याने उभ्या बागा काढायला लावल्या. केंद्राच्या कामात आता फवारणीसोबत डीएनएची अक्षरं जुळवण्यालाही महत्त्व आहे.

ही जुळवणी सहा अक्षरांतही दिसते. एका ओळीत ए-टी-जी-सी-ए-टी, दुसरीत ए-टी-सी-ए-टी. डावीकडून लावत गेलं तर पहिली दोनच जुळतात, पुढे सगळं बिनसतं. दुसऱ्या ओळीत तिसरी जागा रिकामी सोडली की पाच जुळतात. मात्र ती जागा फुकट मिळत नाही. फुकट असती तर कुठलीही ओळ कुठल्याही ओळीची नातेवाईक ठरली असती. समजा, जुळलेल्या अक्षराला एक गुण आणि रिकाम्या जागेला दोन गुणांचा दंड. मग पाचातून दोन गेले, तीन उरले. अशा साऱ्या मांडण्यांतून सर्वाधिक गुणांची हमखास शोधून देणारी रीत नीडलमन आणि वून्श यांनी १९७० साली मांडली. प्रचंड साठ्यात ती फार वेळ खाते, म्हणून १९९० मध्ये ब्लास्ट आलं: आधी छोटे जुळणारे तुकडे हेरायचे, मग तिथून दोन्ही बाजूंना वाढत जायचं. मला यात सगळ्यात विलक्षण वाटतो तो दंड. तो किती ठेवायचा हे माणूस ठरवतो, आणि त्यावर नातं बदलू शकतं.

काय जुळवायचं, हाही प्रश्नच. १६एस हा रायबोसोमचा आरएनए इतका सावकाश बदलतो की सख्खे जंतू त्यात सारखेच दिसतात. तिथे जायर-बी हे जनुक जास्त फरक दाखवतं. लांबची नाती मात्र प्रथिनांत टिकून राहतात. कारण डीएनएत सीटीटीचं सीटीसी झालं तरी प्रथिनात ल्युसिन हेच अमिनो आम्ल बसतं.

डाळिंबाच्या बाजूनेही वाचन झालंय. दाबेन्झी या चिनी जातीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, २०१७ साली प्रसिद्ध झाला, पुढे ट्युनिशिया जातीचा. त्यांतून सोलापूरच्या शास्त्रज्ञांनी वाण ओळखणाऱ्या खुणा शोधल्या. आपल्याकडच्या भगवा या वाणाचा जीनोमही वाचला गेला. भगवा कुठे शेंदरी, कुठे अष्टगंध, कुठे मस्तानी म्हणून विकला जातो. अशा खुणांनी रोप नेमकं कशाचं आहे ते तपासता येतं.

इथून पुढे मात्र काळजी वाटते. तेल्याची भारतात नोंद १९५२ ची, त्याच्या जंतूचा जीनोम २०१२ चा. तरीही तेल्याला दाद न देणारा व्यापारी वाण शेतकऱ्याच्या हाती नाही. केंद्राचं २०१७ चं 'सोलापूर लाल' लोहाने समृद्ध आहे, पण तेल्यावरचं उत्तर नव्हे. एखादं जनुक दुसऱ्या पिकातल्या रोगरोधक जनुकाशी जुळलं, तरी ते इथे तेच काम करेल याची खात्री संगणक देत नाही. त्यासाठी झाड लावावं लागतं, जंतू टोचावा लागतो, काही वर्षं थांबावं लागतं. आणि तोवर जंतूही बदलत असतो.

तेल्या अनेकदा गुटी कलमाच्या रोपांतून नव्या बागेत शिरतो. डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या रोपातला जंतूही त्याच्या डीएनएच्या ओळखीच्या तुकड्यावरून पीसीआरने पकडता येतो. तेव्हा गुटी घेण्याआधी मातृबागेत तेल्या होता का, आणि रोपं तपासली आहेत का, हे दोन प्रश्न रोपवाटिकेत विचाराच.