दिव्यावरची पाखरे आणि तिथी

पावसाळ्यात दिवेलागणीनंतर ओसरीवरच्या दिव्याभोवती पाखरे जमतात. भंडारा जिल्ह्यात घरामागेच धानाच्या बांध्या असल्या, की भिंत भरून जाते. सकाळी ती झाडून टाकण्यापूर्वी एकदा नीट पाहा.

त्यांत एखादे वेळी सुमारे १५ सेंटिमीटर पंखविस्ताराचा पतंग सापडेल. त्याच्या प्रत्येक पंखावर काचेसारखा पारदर्शक ठिपका असतो. हा कोसा रेशमाचा पतंग होय. त्याची अळी येन, अर्जुन या झाडांचा पाला खाते आणि फांदीला देठाने लोंबणारा टणक कोसा विणते. पतंग मात्र काहीच खात नाही. अंडी घालून थोड्याच दिवसांत तो मरतो.

त्याच भिंतीवर नखाएवढी पिवळसर पाखरे दिसतील. पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असेल, तर ती धानाच्या खोडकिड्याची मादी समजावी. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते व त्यांवर केसांचे आवरण घालते. साधारण आठवड्याने अळ्या बाहेर पडून खोडात शिरतात. मग गाभा वाळतो, किंवा लोंबी पांढरी व पोचट निघते. अळी एकदा खोडात शिरली, की तिच्यापर्यंत पोचणे कठीण. म्हणून दिव्यावर ही पाखरे एकाएकी वाढली, तर त्या आठवड्यात बांधीत जाऊन अंड्यांचे पुंजके शोधावे लागतात.

पण वाढली की घटली, हे ठरवायचे कसे? समजा, तुम्ही अमावास्येच्या रात्री ४० पाखरे मोजली आणि पौर्णिमेला ६. कीड ओसरली असे म्हणाल, तर फसाल! चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी पडतो. पाखरे बांधीत तेवढीच असू शकतात. म्हणून वहीत तारखेबरोबर तिथीही लिहावी आणि पौर्णिमेची तुलना मागच्या पौर्णिमेशीच करावी.

असे का होते? उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीही जमिनीपेक्षा आकाश उजळ असते, त्यामुळे वर कोणते ते त्यांना कळते. दिव्याजवळ हा हिशेब चुकतो आणि ते कलंडत घिरट्या घालतात. अतिशीघ्र कॅमेऱ्यांनी केलेले हे संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले. कवींनी पतंगाला दिव्यावर प्राण देणारा प्रेमिक ठरवले. बिचाऱ्याची दिशाच चुकलेली असते.

दिवाही नोंदवावा. अतिनील किरण कमी असलेल्या पिवळसर एलईडीकडे पाखरे कमी येतात, म्हणून मधेच दिवा बदलल्यास आकडे जुळणार नाहीत. रोज ठरलेल्या वेळी, अर्धा तास, पांढऱ्या चादरीवर मोजावे आणि मग दिवा मालवावा. पाऊस, ढग लिहावेत. नाव ठाऊक नसेल, तर चित्र काढावे. एकही पाखरू आले नाही, तर शून्य लिहावे. जागा कोरी सोडली, तर त्या रात्री पाखरे नव्हती की तुम्ही झोपला होता, हे महिन्याने तुम्हालाही सांगता येणार नाही.