स्क्रीनवर जुळलेली पेटी लाकडात का जुळत नाही?

माझं पीएच.डी.चं काम शेणकिड्यांवर आहे. पकडलेले किडे वाळवायचे, टाचणीला लावायचे आणि पेटीत ठेवायचे. पेटीच्या सांध्यात फट राहिली, तर वाळलेल्या नमुन्यांवर जगणारे डर्मेस्टिड भुंगेरे आत शिरतात, आणि एका पावसाळ्याचं फील्डवर्क भुकटी होऊन पेटीच्या तळाशी पडतं. म्हणून मी चार लहान पेट्या स्वतःच करायच्या ठरवल्या. लाकूड सागवान, यंत्र वर्कशॉपमधलं सीएनसी राउटर, सांधा फिंगर जॉइंट. पहिल्या पेटीच्या फळ्या एकमेकींत गेल्याच नाहीत. हातोडी मारली तर एक दात तुटला. असं का झालं ते सांगते, कारण तीच चूक तुम्ही प्रयोगशाळेतही करणार आहात.

आधी सांधा समजून घेऊ. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा, झाला फिंगर जॉइंट! एका फळीचे दात दुसरीच्या खाचांत बसतात. लाकडाचं कापलेलं टोक गोंद शोषून घेतं, त्यामुळे नुसतं टोकाला चिकटवलेलं टिकत नाही. दातांमुळे बाजूची, म्हणजे तंतूंच्या लांबीची बरीच जागा गोंदाला मिळते आणि पकड चांगली बसते.

पहिला संशय: कोपरे

राउटरचा कटर गोल फिरतो. फळी आडवी ठेवून खाच कापली की आतला कोपरा कधीच काटकोनी होत नाही. ६ मिमीच्या कटरने ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहते, आणि समोरचा चौकोनी दात तिथे अडतो. मला वाटलं, सापडलं कारण! संध्याकाळभर पटाशीने कोपरे काढत बसले. तरीही फळ्या बसेनात. कोपरा हे एक कारण होतं, एकमेव नव्हतं. मी न मोजता अंदाज केला आणि संध्याकाळ घालवली.

कोपऱ्यांना आणखी दोन उपाय आहेत. एक, कटरला कोपऱ्यात थोडं पुढे नेऊन जास्तीचं लाकूड काढायचं. याला डॉगबोन म्हणतात. पण तिथे फळीला आरपार बारीक भोक राहू शकतं, म्हणजे माझ्या भुंगेऱ्यांना दारच. दुसरा, फळी उभी धरून टोकाकडून कापायची. मग कटरची गोलाई खाचेच्या कोपऱ्यात येत नाही, आणि तळ सपाट असलेल्या कटरने कोपरा काटकोनी मिळतो. मी पुढे हाच मार्ग घेतला. फळी उभी घट्ट धरायला एक साचा मात्र करावा लागला.

खरा गुन्हेगार: कटरचा व्यास

कटरच्या डबीवर ६ मिमी लिहिलं होतं, मी सॉफ्टवेअरमध्ये ६ भरलं. नंतर टाकाऊ तुकड्यात एकाच फेरीत एक खाच कापली आणि व्हर्निअरने मोजली: ५.९ मिमी. फरक फक्त ०.१, पण तो कुठे कुठे जातो बघा.

सॉफ्टवेअर कटरचं केंद्र कडेपासून ३ मिमी दूर ठेवतं. कटर प्रत्यक्षात २.९५ मिमीच कापतो. म्हणजे प्रत्येक कडेला ०.०५ मिमी लाकूड जास्तीचं उरतं. दाताला दोन कडा, म्हणून १० मिमीचा दात १०.१ होतो. खाचेलाही दोन कडा, म्हणून १० मिमीची खाच ९.९ होते. आता १०.१ चा दात ९.९ च्या खाचेत घाला! ०.१ ची चूक सांध्यात ०.२ झाली.

यात एक चांगली गोष्ट आहे. यंत्र प्रत्येक कड एकाच आरंभबिंदूपासून मोजतं, त्यामुळे चूक दातागणिक साठत नाही. एक खाच कापून तिच्यावरून पुढची मोजली असती, तर दर खाचेला ०.१ ची चूक दहाव्या खाचेपर्यंत १ मिमी झाली असती. वाईट गोष्ट अशी, की अशी चूक पुन्हा पुन्हा कापूनही जात नाही. मी दहा पेट्या कापल्या असत्या तर दहाही तितक्याच घट्ट झाल्या असत्या. सगळी रीडिंग्ज एकमेकांशी जुळतात म्हणून ती बरोबर, असं आपण समजतो. उपकरणच चुकीचं लावलेलं असेल तर सरासरी काढून काही उपयोग नाही.

मग काय केलं

त्याच फळीच्या उरलेल्या पट्ट्या घेतल्या. प्रत्येक जोडीला तीनच दात. बाकी सगळं तेच ठेवलं, फक्त सॉफ्टवेअरमधला व्यास बदलत गेले. ५.९ ला दात आणि खाच दोन्ही १० मिमीचे, म्हणजे गोंदाला जागाच नाही. शिवाय पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने दात फुगतो. ५.८५ भरल्यावर दात ९.९५ आणि खाच १०.०५, म्हणजे ०.१ मिमी मोकळीक. ती जोडी हाताच्या दाबाने बसली आणि उलटी धरल्यावर पडली नाही. माझ्या कटरला आणि माझ्या लाकडाला हा आकडा चालला. तुमचा वेगळा येईल, पट्टी तुम्हालाही कापावीच लागेल.

फळीची जाडीही छापील आकड्यावरून घेऊ नका, चार ठिकाणी मोजा. दाताची लांबी समोरच्या फळीच्या जाडीपेक्षा किंचित जास्त ठेवा. बाहेर आलेलं टोक घासून काढता येतं, आत राहिलेलं वाढवता येत नाही. आणि चारही बाजूंचे तंतू पेटीभोवती आडवे जाऊ द्या. पावसाळ्यात लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. तंतू एकाच दिशेने असले की चारही फळ्या साधारण सारख्याच फुगतात आणि सांध्यावर ताण येत नाही.

चारही पेट्या आता कपाटात आहेत. कटरच्या डबीवर मी ‘६’ खोडून ‘५.९, मोजलेला’ असं लिहिलंय, खाली तारीख. कटर झिजतो, म्हणून तारीख महत्त्वाची. तुमच्या टेबलावरच्या पिपेटवर, वजनकाट्यावर, थर्मामीटरवर असा आकडा कोणी शेवटचा कधी तपासला होता, ते उद्या सकाळी बघाच.