चादर उचलून पाहा



आज बोलायचं आहे ते अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल. मुलं नोकरीला लांब, घरात सांभाळायला कुणी नाही, म्हणून हल्ली गावाकडचीही माणसं वृद्धाश्रमात किंवा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या केंद्रात राहतात. महिन्याचे पैसे भरले जातात. सणावाराला आपण भेटायला जातो. खोली झाडलेली असते, आजींचे केस विंचरलेले असतात. आपण फळं ठेवतो, तासभर बोलतो नि एसटीची वेळ झाली म्हणून निघतो. पण चादरीखाली जखम असली, तर ती आपल्याला दिसतच नाही.

या जखमेला शय्याव्रण म्हणतात. दवाखान्यात सगळे ‘बेडसोर’ म्हणतात.

ती होते कशी? आपण झोपेतही कूस बदलतो. लकवा झालेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या किंवा विसरभोळेपणाचा आजार वाढलेल्या माणसाला ते जमत नाही. मग आतून हाड, खालून गादी आणि मधे कातडी दाबली जाते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. रक्त पोहोचलं नाही की तो भाग मरायला लागतो. हे काही तासांतही सुरू होऊ शकतं. लघवीची ओल आणि माणसाला गादीवरून ओढत सरकवणं, यानं कातडी आणखी लवकर फाटते.

म्हणून हाड जिथे वर आलेलं असतं तिथे पाहायचं : माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, पाठीचे फरे आणि डोक्याची मागची बाजू.

सुरुवातीला कातडी फुटलेली नसते, नुसती लाल होते. बोटानं दाबून सोडलं तरी लाली जात नाही. सावळ्या अंगावर ही लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहा. जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागली, तर ती धोक्याची खूण समजा. पुढे कातडी सोलते, फोड येतो. मग खड्डा पडतो आणि शेवटी आतलं हाडसुद्धा दिसतं. अशा जखमेतून विष रक्तात भिनलं, तर माणूस दगावतो.

सुरुवातीलाच लक्ष दिलं, तर बहुतेक जखमा टळतात. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. खुर्चीत बसवलेल्याला त्याहून लवकर हलवायचं. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवायच्या. लघवी-संडास झाली की लगेच पुसून कोरडं करायचं. डाळ, अंडं, दूध असं पोटात जायला हवं. हवेच्या गादीचा उपयोग होतो, पण ती असली तरी कूस बदलावीच लागते.

लाल झालेल्या जागी चोळायचं नाही, त्यानं आतलं मांस आणखी दुखावतं. मधे भोक असलेली गोल उशी ठेवायची नाही. जखमेवर हळद, राख, तंबाखू भरायची नाही. डॉक्टरांना दाखवायचं.

प्रत्येक जखम हयगयीनंच होते असं नाही. अगदी शेवटच्या दिवसांत चांगली सेवा करूनही ती होऊ शकते. शिवाय रात्री वीस-पंचवीस माणसांमागे एकच बाई ठेवली, तर ती कुणाकुणाची कूस बदलणार? तिथे दोष त्या बाईचा कमी आणि माणसं कमी ठेवणाऱ्याचा जास्त. आपल्या गटातल्या काही जणीही अशा कामाला जातात, त्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

म्हणून भेटायला गेलात की तीन गोष्टी विचारा. रात्री किती माणसांमागे एक जण असतो? कूस बदलल्याची वही आहे का, ती दाखवता का? जखम झाली तर डॉक्टर कधी येतात आणि आम्हाला कधी कळवता? मग आजींना विचारून, दार लोटून घेऊन, त्यांची पाठ आणि टाचा स्वतः पाहा. मधुमेहात किंवा लकव्यात दुखणं जाणवत नाही, म्हणून ‘काही त्रास नाही’ या उत्तरावर थांबू नका.

जखम दिसली तर आजींची परवानगी घेऊन फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, संचालकांना लेखी द्या. दाद लागली नाही, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत क्रमांकावर फोन करा किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्ज द्या. जीव धोक्यात वाटला तर ११२ लावा. आणि मुलंच आईबापांकडे पाहत नसतील, तर २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना त्यांच्याकडून पोटगी मागता येते. तो अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. त्याला वकील लागत नाही.

आपल्या गावातली किती माणसं अशा ठिकाणी आहेत, याची यादी पुढच्या बैठकीत करा. ज्यांना भेटायला कुणीच जात नाही, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा गटातल्या दोघींनी जावं. बाहेरचं कुणी येऊन विचारतं, हे कळलं की तिथली माणसंही जास्त लक्ष देतात.